अ‍ॅपशीटमध्ये रतिबाचा हिशेब: कोणती माहिती जोडायची आणि कोणती उतरवून ठेवायची

गुगल शीटवर अ‍ॅपशीटचं अ‍ॅप उभं करायला एक संध्याकाळ पुरते; अ‍ॅपशीट म्हणजे कोड न लिहिता शीटवरून मोबाइल अ‍ॅप बनवून देणारं गुगलचं साधन. बिघाड कळतो दोन-तीन महिन्यांनी. दुधाचा दर वाढवला की मागच्या महिन्याची बिलंही वाढलेली दिसतात. एका ग्राहकाचं नाव दुरुस्त केलं की त्याच्या जुन्या नोंदी कुणाच्याच नावावर राहत नाहीत. रतीब बंद केलेलं घर यादीतून काढलं की त्या घराची उधारीही नाहीशी होते. हे प्रश्न वेगवेगळे म्हणून विचारले जातात, पण चूक एकच झालेली असते: कोणती माहिती दुसऱ्या तक्त्यातून जोडून वापरायची आणि कोणती त्या दिवशी आहे तशी उतरवून ठेवायची, हे सुरुवातीला ठरवलेलंच नसतं.

उदाहरणासाठी घरोघरी दुधाचा रतीब घालणाऱ्याचं अ‍ॅप घेऊ. शंभर-सव्वाशे घरं, गाईचं आणि म्हशीचं दूध, मधूनमधून खाडे, एक तारखेला बिल. डबे, वर्तमानपत्रं, पाण्याचे जार यांचा हिशेबही याच साच्यात बसतो. फंक्शनची आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायची. कॉलमची नावं मात्र मराठीत ठेवलेली चालतात.

## टप्पा १: आधी कागदावर तक्ते आखा

भिंतीवरच्या दुधाच्या कार्डावर १ ते ३१ असे चौकोन असतात. ते कार्ड जसंच्या तसं शीटमध्ये उतरवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दुसरी चूक वहीच्या सवयीतून येते: जानेवारीचा एक टॅब, फेब्रुवारीचा दुसरा. अ‍ॅपशीट प्रत्येक टॅबला स्वतंत्र टेबल समजतं, म्हणजे वर्षअखेरीस एकाच कामाची बारा टेबलं आणि प्रत्येकाचे फॉर्म्युले वेगळे. एक दिवस, एक घर, एक ओळ असं धरा. तारीख हा कॉलम आहे, टॅबचं नाव नाही.

आपल्याला पाच तक्ते लागतील:

- ग्राहक: ग्राहक_आयडी, नाव, पत्ता, गल्ली, फोन, दूध_प्रकार, रोजचे_लिटर, स्थिती
- दरपत्रक: दर_आयडी, दूध_प्रकार, लागू_दिनांक, दर
- रोजनोंद: नोंद_आयडी, ग्राहक, दिनांक, दूध_प्रकार, लिटर, दर, रक्कम, शेरा
- बिल: बिल_आयडी, ग्राहक, महिना, एकूण_लिटर, रक्कम, मागील_फरक
- वसुली: वसुली_आयडी, ग्राहक, दिनांक, रक्कम, रोख_की_यूपीआय

आता रोजनोंदीत जे जे दिसायला हवं, त्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट उद्या बदलली, तर कालची नोंदही बदलायला हवी का? ग्राहकाचा फोन बदलला तर जुन्या नोंदीसमोरही नवाच नंबर दिसायला हवा. म्हणून फोन रोजनोंदीत लिहायचा नाही, ग्राहक तक्त्यातून जोडायचा. दर बदलला तर कालच्या दुधाची किंमत बदलता कामा नये. म्हणून दर उतरवून ठेवायचा. लिटरचंही तसंच. आज दीड लिटर घेणारं घर पुढच्या महिन्यात एक लिटरवर येईल, पण आजचं दीड लिटर हे दीडच राहणार.

## टप्पा २: शीट अ‍ॅपला वाचता येईल अशी करा

१. शीटच्या सेटिंगमध्ये लोकेल (तारखा-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते) भारत ठेवा आणि ते तारखा भरण्याआधीच करा. पुढे अ‍ॅपशीटमध्ये प्रत्येक टेबलच्या सेटिंगमध्येही तेच लोकेल निवडायचं आहे. दोन्हीकडे वेगळं असलं की पाच जूनचा सहा मे होतो, आणि बारा तारखेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

२. पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं. वर डेअरीचं नाव, मध्ये रिकामी ओळ, जोडलेले सेल यातलं काही नको. तळाशी बेरजेची ओळही नको, नाहीतर अ‍ॅप ‘एकूण’ नावाचा एक ग्राहक धरून चालतं.

३. आयडी आणि फोनचे कॉलम प्लेन टेक्स्ट करा. अ‍ॅपशीटने बनवलेल्या आयडीमध्ये आकडे आणि अक्षरं मिसळलेली असतात. आकड्यांच्या मध्येच इंग्रजी ‘ई’ आला तर गुगल शीट त्याला घातांकातली संख्या समजतं आणि आयडी बदलून टाकतं.

४. लिटर, दर, तारीख हे इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) भरा. फोनचा मराठी कीबोर्ड देवनागरी अंक देतो आणि शीटला ती अक्षरं वाटू शकतात. मग बेरीज कमी येते आणि कारण सापडत नाही, कारण डोळ्यांना आकडा नीट दिसत असतो.

५. प्रत्येक तक्त्यात तीन-चार खऱ्यासारख्या ओळी भरा. अ‍ॅपशीट कॉलमचा प्रकार ओळखतं ते हेडिंग आणि आतली माहिती बघून.

तपासणी: दिनांकाच्या कॉलममध्ये तेरा जून ही तारीख आधी दिवस, मग महिना अशी टाका. ती सेलच्या उजव्या कडेला गेली तर शीटला तारीख कळली. डावीकडेच राहिली तर शीट तिला अक्षरं समजतंय. लोकेल दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: टेबल जोडा आणि की नीट निवडा

की म्हणजे ज्या कॉलमवरून अ‍ॅप एक ओळ दुसरीपासून वेगळी ओळखतं तो कॉलम. इथे घाई केली तर पुढचं सगळं डळमळतं.

नाव ही की होऊ शकत नाही. एकाच सोसायटीत दोन जोशी असतात हे तर आहेच, पण मराठी टायपिंगची एक अडचण त्याहून जास्त छळते. ‘गोऱ्हे’ आणि ‘गोर्‍हे’ पडद्यावर सारखे दिसतात, पण आतून वेगवेगळ्या खुणांनी लिहिलेले असतात. एका कीबोर्डवरून नाव भरलं आणि दुसऱ्यावरून शोधलं की अ‍ॅप म्हणतं, असा ग्राहकच नाही. ‘ॲ’ आणि ‘अ‍ॅ’ची हीच गत. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर पैशांचा हिशेब उभा करायचा नसतो.

फोन नंबरही नको. तो बदलतो, आणि आई-मुलाच्या दोन घरांना एकच नंबर दिलेला असतो. योग्य कॉलम सापडला नाही तर अ‍ॅपशीट स्वतःहून रो-नंबरला की करतं. तेही बदला. कुणी शीट क्रमवार लावली किंवा मधली ओळ काढली की आकडे सरकतात आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर दिसू लागते.

करायचं ते असं: प्रत्येक तक्त्याच्या आयडी कॉलमला की करा आणि त्याच्या इनिशिअल व्हॅल्यूमध्ये (नवी ओळ तयार होताना आपोआप भरायची माहिती) युनिकआयडी हे प्रत्येक ओळीला वेगळा आयडी देणारं फंक्शन टाका. ग्राहक तक्त्यात नाव या कॉलमला लेबल करा. म्हणजे अ‍ॅप आतून आयडीवर चालेल आणि माणसाला नाव दिसेल.

लक्ष द्या: इनिशिअल व्हॅल्यू फक्त नव्या ओळींना लागते. शीटमध्ये आधीच भरलेल्या ग्राहकांचे आयडी रिकामेच राहतील, ते तुम्हालाच भरायचे आहेत. ग१०१, ग१०२ असे साधे चालतील. त्यासाठी शीटमध्ये यादृच्छिक आकडा देणारा फॉर्म्युला वापरू नका. शीटमध्ये काहीही बदललं की तो नवा आकडा देतो. आणि एकदा नोंदी सुरू झाल्या की आयडीला हात लावायचा नाही.

## टप्पा ४: रेफने तक्ते जोडा

रोजनोंद, बिल आणि वसुली या तिन्ही तक्त्यांतल्या ‘ग्राहक’ कॉलमचा प्रकार रेफ (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीकडे बोट दाखवणारा) करा आणि स्रोत म्हणून ग्राहक टेबल निवडा. आता अ‍ॅपमध्ये नाव दिसेल, पण शीटमध्ये आयडी लिहिला जाईल. शीट उघडल्यावर नावांच्या जागी ग१०१ दिसतं म्हणून बरेच जण घाबरून तिथे नाव टाइप करतात. तसं केलं की ती ओळ तुटली. शीटमध्ये आयडीच असायला हवा.

जोडणी झाल्यावर रोजनोंदीत फोन हवा असेल तर [ग्राहक].[फोन] एवढं लिहिलेलं व्हर्च्युअल कॉलमला (शीटमध्ये नसलेला, अ‍ॅपने मोजून दाखवलेला कॉलम) पुरतं. ग्राहकाच्या पानावर त्याच्या सगळ्या नोंदींची यादी अ‍ॅपशीट आपोआप तयार करतं. ती वेगळी बनवायची गरज नाही.

रेफच्या सेटिंगमध्ये ‘इज अ पार्ट ऑफ’ नावाचा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर ग्राहक डिलीट केल्यावर त्याच्या नोंदी, बिलं, वसुली सगळं डिलीट होतं. इथे तो बंद ठेवा. शिवाय ग्राहक टेबलवर डिलीटची परवानगीच काढून टाका. रतीब बंद झाला की ‘स्थिती’ या कॉलममध्ये ‘बंद’ लिहायचं. रोजच्या यादीसाठी फक्त ‘चालू’ ग्राहकांचा एक स्लाइस (टेबलमधल्या निवडक ओळींचा भाग) बनवा.

तपासणी: एका ग्राहकाच्या दोन नोंदी करा, मग त्याचं नाव बदला. जुन्या नोंदींवरही नवं नाव दिसायला हवं. दिसलं नाही तर रेफ झालेला नाही, कॉलम अजून साधा टेक्स्टच आहे.

## टप्पा ५: दर उतरवून ठेवा

सगळ्यात जास्त पैसे इथे चुकतात. रोजनोंदीत दर आणायचे तीन मार्ग आहेत आणि फॉर्मवर तिन्ही सारखेच दिसतात.

व्हर्च्युअल कॉलम. हा शीटमध्ये साठतच नाही. प्रत्येक सिंकला, म्हणजे फोन आणि शीट यांची माहिती जुळवली जाते तेव्हा, नव्याने मोजला जातो. आज दर बदलला की मागच्या वर्षीच्या नोंदीवरही आजचाच दर दिसणार.

खऱ्या कॉलमवर अ‍ॅप फॉर्म्युला. हा शीटमध्ये साठतो म्हणून सुरक्षित वाटतो. पण ती ओळ जेव्हा जेव्हा एडिट होते तेव्हा फॉर्म्युला पुन्हा चालतो. जुलैच्या नोंदीत सप्टेंबरमध्ये नुसता शेरा लिहिला, तरी दर सप्टेंबरचा बसतो. ही चूक सर्वांत वाईट, कारण ती सगळ्या ओळींवर होत नाही. ज्यांना हात लागला तेवढ्याच बिघडतात आणि शोधून सापडत नाहीत.

इनिशिअल व्हॅल्यू. नोंद तयार होताना एकदा भरते, मग तशीच राहते. दरासाठी हीच हवी.

फरक किती पडतो ते बघा. रोज दीड लिटर घेणाऱ्या घराचं जुलैचं दूध साडेसेहेचाळीस लिटर. ७० रुपये दराने ३,२५५ रुपये. एक ऑगस्टला दर ७२ केला आणि जुनी बिलं त्याच्यामागे गेली, तर ३,३४८. एका घरामागे ९३ रुपयांचा वाद, आणि ग्राहकाच्या हातात जुना आकडा आधीच असतो.

दर कुठून आणायचा? ग्राहक तक्त्यात दर लिहून तो उतरवला तरी बहुतेक दिवस भागतं. पण दोन ऑगस्टला बसून एकतीस जुलैची राहिलेली नोंद केली की तिला नवा दर लागतो. म्हणून दरपत्रक वेगळं ठेवा आणि त्यात जुना दर कधीही बदलू नका; दर वाढला की नव्या लागू_दिनांकाची नवी ओळ टाका.

मग रोजनोंदीतल्या ‘दर’ कॉलमच्या इनिशिअल व्हॅल्यूमध्ये मॅक्सरो वापरा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: टेबल दरपत्रक, सर्वांत मोठी हवी ती लागू_दिनांक, आणि अट अशी की दूध_प्रकार या नोंदीसारखाच असावा व लागू_दिनांक नोंदीच्या दिनांकाच्या पुढची नसावी. मॅक्सरो तुम्हाला त्या ओळीचा आयडी देतं, दर देत नाही. तो आयडी लुकअपमध्ये घालून ‘दर’ कॉलम मागायचा. अटीमध्ये चालू नोंदीचा दिनांक घेताना आधी धिसरो लावायला विसरू नका. विसरलात तर अ‍ॅप दरपत्रकातच दिनांक शोधत बसतं.

लिटरची इनिशिअल व्हॅल्यू [ग्राहक].[रोजचे_लिटर] आणि दूध_प्रकाराची [ग्राहक].[दूध_प्रकार] ठेवा. रक्कम मात्र अ‍ॅप फॉर्म्युल्याने काढली तरी चालते, कारण ती गुणते ते लिटर आणि दर त्याच ओळीत उतरवलेले आहेत.

लक्ष द्या: इनिशिअल व्हॅल्यूच्या खाली ‘रीसेट ऑन एडिट’ असं एक बटण असतं. ते चालू राहिलं तर एवढी सगळी मेहनत वाया जाते. दर, लिटर, दूध_प्रकार या तिन्ही ठिकाणी ते बंद आहे का बघा.

तपासणी: एक नोंद करा. दरपत्रकात उद्यापासूनचा वाढीव दर टाका आणि जुन्या नोंदीचा शेरा बदलून सेव्ह करा. दर हलता कामा नये. मग उद्याच्या तारखेची नोंद करा. तिला नवा दर लागायला हवा.

## टप्पा ६: रोजची नोंद बटणावर आणा

सव्वाशे घरांसाठी रोज फॉर्म कुणी भरत नाही, त्यामुळे साठवलेली माहिती इथे कामाला लावायची. ग्राहक टेबलवर एक अ‍ॅक्शन बनवा: ‘या ओळीतली माहिती घेऊन दुसऱ्या टेबलमध्ये नवी ओळ टाका’ या अर्थाचा पर्याय यादीत आहे. ग्राहक, दिनांक, दूध_प्रकार आणि लिटर एवढे कॉलम त्यात भरा. आयडी आणि दर इनिशिअल व्हॅल्यूवर सोडायचे. एक नोंद करून शीटमध्ये दोन्ही उतरले का ते बघा. यादीत बरेच ग्राहक एकदम निवडून हेच बटण दाबता येतं.

अ‍ॅक्शनला अट घाला: या ग्राहकाची आजची नोंद आधी नसेल तरच बटण दिसावं. नाहीतर घाईत दोनदा दाबलं जातं आणि महिनाअखेरी एकाच दिवसाचं दूध दोनदा निघतं.

खाड्यासाठी दुसरी अ‍ॅक्शन ठेवा, जी शून्य लिटरची ओळ टाकते. ओळच नसली तर त्या दिवशी खाडा होता की नोंद करायची राहिली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शून्याच्या ओळी ठेवल्या की रोजची तपासणीही सोपी होते: आजच्या ओळी आणि चालू ग्राहक यांची संख्या सारखी असली पाहिजे.

## टप्पा ७: बिल झालं की आकडा गोठवा

महिना चालू असताना बेरीज व्हर्च्युअल कॉलममध्ये दिसली तर काही बिघडत नाही. ग्राहकाच्या हातात बिल गेलं की तो आकडा बिल तक्त्यात उतरवून ठेवायचा, पुन्हा अ‍ॅक्शननेच. महिना लिहिताना ‘जुलै’ असं लिहू नका, पुढच्या वर्षीही जुलै येणार आहे. त्या महिन्याची पहिली तारीख साठवा.

बिल झालेल्या महिन्यातल्या लिटर आणि दर या कॉलमना एडिटेबल इफमध्ये (कॉलम कधी बदलता येईल ते ठरवणारं सेटिंग) अट घालून बंद करा. चूक सापडली तर जुनी नोंद बदलण्यापेक्षा पुढच्या बिलात मागील_फरक म्हणून घ्या. ग्राहकाकडे असलेलं बिल आणि तुमच्या फोनमधलं बिल एकसारखं राहणं फार महत्त्वाचं आहे.

येणे बाकी काढायची ती बिलांची बेरीज वजा वसुलीची बेरीज. रोजनोंदीवरून ती काढू नका. कारण पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ८: फोनवरचं ओझं कमी करा

१२० घरं म्हणजे महिन्याला ३,६०० ओळी, वर्षाला ४३,८००. गुगल शीटची मर्यादा एक कोटी सेलची आहे, त्यामुळे आठ कॉलमचा हा तक्ता भरायला पुष्कळ वर्षं जातील. फोन त्याच्या खूप आधी रडतो, कारण सिंकला सगळ्या ओळी त्याच्याकडे येतात.

रोजनोंद टेबलला सिक्युरिटी फिल्टर लावा: दिनांक मागच्या महिन्याच्या एक तारखेपासून पुढचाच हवा. इओमंथला आजची तारीख आणि उणे दोन देऊन त्यात एक मिळवला की ती तारीख मिळते. स्लाइसने हे काम होत नाही. स्लाइस फक्त दाखवणं कमी करतो, माहिती फोनवर आलेलीच असते. दूध टाकणाऱ्या मुलाला दुसऱ्या गल्लीतले फोन नंबर दिसू नयेत असं वाटत असेल तर त्यासाठीही फिल्टरच लागतो. त्याला शीट शेअर करायची गरज नसते, अ‍ॅपची परवानगी पुरते.

लक्ष द्या: फिल्टरने गाळलेल्या ओळी अ‍ॅपच्या हिशेबातूनही जातात. रोजनोंदीवरून बाकी काढत असाल तर फिल्टर लावल्याक्षणी सगळ्यांची जुनी उधारी गायब होईल. बिल आणि वसुली हे छोटे तक्ते आहेत. त्यांना तारखेचा फिल्टर लावू नका.

## टप्पा ९: चालू अ‍ॅपमध्ये बदल करताना

नवा कॉलम शीटच्या उजव्या टोकाला टाका आणि लगेच अ‍ॅपशीटमध्ये रिजनरेट स्कीमा (कॉलमची यादी पुन्हा वाचायला लावणं) करा. जुन्या कॉलमचं हेडिंग मात्र बदलू नका. अ‍ॅपला तो नवाच कॉलम वाटतो आणि जुन्यावर लावलेला प्रकार, फॉर्म्युला, अटी गळून पडतात. अ‍ॅपमध्ये वेगळं नाव दाखवायचं असेल तर डिस्प्ले नेम बदला.

बदलाआधी शीटची प्रत काढा. गुगल शीटच्या व्हर्जन हिस्टरीतून मागे जाता येतं, पण मागे गेलात की मधल्या काळातल्या खऱ्या नोंदीही जातात. प्रतीतून फक्त बिघडलेला भाग परत आणता येतो.

नेटवर्क नसलेल्या जिन्यात केलेल्या नोंदी फोनमध्येच थांबतात आणि नंतर शीटमध्ये जातात. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर ज्याचं सिंक नंतर होतं त्याचा बदल टिकतो, म्हणून गल्ल्या वाटून द्या. आणि कॉलममध्ये बदल करायचा असेल तर दुपारची वेळ धरा: सकाळचं दूध टाकून सगळे परतले, प्रत्येकाच्या फोनवर सिंकची वाट बघणारी एकही नोंद उरली नाही हे डोळ्यांनी पाहिलं, मगच शीट उघडा.